तलावाकाठचं वावर घेताना: आधी पाणी ओळखा, मग जमीन बघा, गळ सगळ्यात शेवटी

लाखांदूर तालुक्यात एका मामा तलावाच्या पाळीला लागून आमचं अडीच एकर धानाचं वावर आहे. तिथून चुलबंद नदी दीड किलोमीटरवर. गेल्या काही वर्षांत नागपूर-भंडाऱ्याचे ओळखीचे लोक एकच मागणी घेऊन येतात: "पाण्याकाठी थोडी जागा पाहून द्या. छोटं घर बांधू, सुट्टीत मासे धरू." प्रत्येकाला समोर बसवून जे सांगत आलो, ते इथे एकदा नीट लिहितो. डोळ्यासमोर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे आहेत. वऱ्हाडातली काळी माती आणि तिथले जलाशय यांचं गणित वेगळं असतं.

समोरचं पाणी नेमकं कोणतं?

जमीन दाखवणारा माणूस "तलाव आहे" एवढंच सांगतो. तेवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे पाणी चार प्रकारचं असतं आणि चारही ठिकाणी मालक, नियम आणि धोका वेगळा.

पहिला प्रकार म्हणजे मामा तलाव, म्हणजेच माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, त्यांच्या उत्तेजनाने, मुख्यतः कोहळी समाजाने हे बांधले. उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची आणि वरच्या जंगलातून येणारं पाणी अडवायचं, अशी ही बांधणी. पुढे मालगुजारी पद्धत आली, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडे गाव आणि तलाव असायचा. १९५० च्या कायद्याने ती संपली आणि बहुतेक तलाव सरकारकडे गेले. आज ज्यांचं सिंचन १०० हेक्टरपर्यंत आहे ते साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात आणि त्याहून मोठे राज्य सरकारच्या खात्यांकडे. गावकरी मात्र त्याला अजूनही "आमचा तलाव" म्हणतात. पाणी कधी सोडायचं, गुरं कुठून उतरायची, कमळकंद कोणी काढायचे, हे सगळं तिथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

तलावाजवळ जमीन घ्यायची असेल तर तीन शब्द पाठ करा: पाळ, तुडुम, सलंग. पाळ म्हणजे बांध. तुडुम म्हणजे पाळीतून वावरात पाणी सोडायचं दार. सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी ज्या सखल बाजूने निघून जातं ती जागा. आम्ही घराची जागा आखली तेव्हा ती नेमकी सलंगाच्या खाली येत होती. उन्हाळा होता, जमीन कोरडी, गवताळ आणि सपाट, सावलीला दोन मोहाची झाडं. जागा मनात भरली होती. मासे धरायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवर काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "बापू, सलंगाच्या तोंडावर घर नसते बांधत. पानी आपला रस्ता इसरत नाही." आम्ही घर पाळीच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर हलवलं. दोन वर्षांनी जुलैत त्या पहिल्या जागेवरून कंबरभर पाणी वाहताना मी स्वतः पाहिलं. काकांचे हे उपकार मी आजही मानतो.

दुसरा प्रकार बोडी. हा लहान तलाव, धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांना, एखादं-दुसरं पाणी देण्यापुरता. काही बोड्या खाजगी असतात. "बोडीसकट जमीन" असं कोणी म्हणालं, तर ती बोडी खरोखर त्याच सातबाऱ्यात आहे की शेजारच्या सरकारी नंबरात, हे नकाशावर बघा. जमिनीवर उभं राहून हद्द कळत नाही.

तिसरा प्रकार धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठून पसरलेलं पाणी. इटियाडोह, असोलामेंढा, घोडाझरी ही जुनी नावं, आणि सगळ्यात मोठं अर्थातच गोसेखुर्द. त्याची पूर्ण भरण्याची पातळी २४५.५ मीटर आहे. पवनी, कुही, भंडारा या पट्ट्यात जमीन बघत असाल तर मोजणी करणाऱ्याकडून जागेची उंची समुद्रसपाटीपासून काढून घ्या आणि या आकड्याशी ताडून पाहा. फुगवट्याच्या काठाची बरीच जमीन प्रकल्पासाठी संपादित झालेली आहे. पाणी ओसरल्यावर लोक तिथं गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, करतात आणि पीक उभं दिसतं, म्हणून जमीन त्यांचीच असेल असं धरून चालू नका.

चौथा प्रकार नदी. वैनगंगा, तिला मिळणाऱ्या बावनथडी, कन्हान, चुलबंद, गाढवी, खोब्रागडी, कठाणी, आणि पलीकडे वर्धा. नदी आणि तिचं पात्र सरकारचं. महसूल संहितेच्या २० व्या कलमात ते स्पष्ट आहे. काठ तुमचा असला तरी पात्रातली रेती, पाणी आणि मासा तुमचा होत नाही.

जागा ऑगस्टमध्ये बघा, मग मे महिन्यात बघा

दलाल जागा दाखवतो दिवाळीनंतर. तेव्हा तलाव काठोकाठ असतो, धान पिवळं पडलेलं असतं, पाण्यावर बदकं उतरलेली असतात. त्या दिवसांत कोणतीही जागा सुंदरच दिसते. तुम्ही मात्र रोवणीच्या (धानाची रोपं लावण्याच्या) दिवसांत, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर जा. आधी पांदण, म्हणजे वावराकडे जाणारी कच्ची वाट, बघा, कारण आमच्याकडे अर्ध्या जागांचा दोष पांदणीतच असतो. डांबरी रस्त्यापासून वावरापर्यंतच्या सहाशे मीटरांत चिखल गुडघ्यापर्यंत असेल, तर जुलै ते ऑक्टोबर तुमची गाडी गावातच उभी राहील. दुखणं आलं तर खाटेवरून माणूस आणावा लागेल. ती पांदण नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर चालते, तेही त्याच दिवशी विचारा.

नंतर मे महिन्यात जा. कित्येक तलावांचं पाणी तेव्हा पाळीपासून दोन-तीनशे मीटर मागे सरकलेलं असतं आणि तुमच्या "पाण्याकाठच्या" जागेसमोर भेगाळलेला गाळ असतो. विहिरीचं पाणी किती हाताला लागतं, तेही तेव्हाच खरं कळतं. हे सगळं पाहून नाराज होऊ नका. तलाव उन्हाळ्यात आटणं हा त्याचा स्वभाव आहे. गाळ उन्हात तापतो, त्यावर गवत येतं, पुढच्या पावसात तेच माशांचं खाणं होतं. तुमचं स्वप्न बारमाही पाण्याचं असेल, तर मोठ्या जलाशयाच्या बाजूला जागा शोधा.

नदीकाठच्या जागेसाठी गावातल्या जुन्या माणसाला पुराच्या दोन वर्षांबद्दल विचारा: १९९४ आणि २०२०. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून मोठा विसर्ग झाला, गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेने गावं बुडवली. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस फारसा नव्हता, पूर वरून आला. वैनगंगा फुगली की तिला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी तुंबतं आणि मागे सरकतं, म्हणून मुख्य नदीपासून लांब, चुलबंदीच्या काठीही घरात पाणी शिरतं. पाणी कुठवर आलं होतं ते कोणी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, तर तिथे खडूने खूण करा. घराचं जोतं त्या खुणेच्या वर आलं पाहिजे.

कागदावर हीच गोष्ट पूररेषेच्या रूपाने असते. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रित बांधकाम होऊ शकतं. पाटबंधारे कार्यालयात तुमच्या भागाची आखणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर खडूची खूण हीच तुमची पूररेषा.

कागद कोणत्या क्रमाने

सातबारा आणि आठ-अ सगळेच बघतात. माझा आग्रह "इतर हक्क" हा रकाना शांतपणे वाचण्याचा आहे. संपादन, बोजा, वाट, पाटाचा हक्क, सगळं तिथं दडलेलं असतं. भोगवटादार वर्ग-२ (विक्रीवर बंधन असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. खातेदार आदिवासी असेल आणि घेणारा आदिवासी नसेल, तर महसूल संहितेची ३६ आणि ३६-अ ही कलमं आडवी येतात. गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या काही भागात हा प्रश्न रोज उभा राहतो. "नोटरी करून देतो, नव्व्याण्णव वर्षांचा करार करू" असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. ती जमीन त्या कुटुंबाचीच राहिली पाहिजे, कायदा त्यासाठीच आहे. विदर्भाचा कुळकायदाही वेगळा आहे, १९५८ चा. शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, तेव्हा तुमचा किंवा वडिलांचा सातबारा आधी काढून ठेवा.

आता तो कागद, जो शहरातला माणूस कधीच मागत नाही: निस्तार पत्रक. गावातल्या लोकांना सरकारी जमिनीवर, तलावावर, रानात कोणकोणते हक्क आहेत, त्याची ती नोंद. गुरं पाण्यावर नेण्याची वाट, माती काढायची जागा, दहनाची जागा, हे सगळं त्यात सापडतं. त्याच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज असतो. सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीत आणि पाण्यात वाटेचा, सिंचनाचा आणि मासेमारीचा रूढ हक्क कोणाला आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. खाजगी बोडी विकत घेताना हा कागद तुमच्या वकिलालाही कदाचित आठवणार नाही. तुम्ही मागा. आमच्या ओळखीच्या एकाने तारेचं कुंपण घालून गावाची पाणवाट बंद केली. दोन उन्हाळे तो गावाशी भांडत राहिला आणि शेवटी कुंपण काढावंच लागलं.

मोजणी मात्र भूमी अभिलेखकडून, पैसे भरून, शेजाऱ्यांना नोटीस देऊनच करा. पाळीचा पायथा बहुतेक वेळा सरकारी नंबरात येतो. पाळ कापून पायऱ्या करणं, पाळीवर घर चढवणं, झाडांची मुळं उपटणं, यातलं काहीही करू नका. पाळ फुटली तर खालच्या सगळ्यांचं धान जातं.

मासे कोणाचे?

या भागावर मी जास्त वेळ घेतो, कारण चुका इथेच होतात आणि मनं इथेच दुखावतात.

तलावाच्या काठावर बसून गळ टाकला, एक-दोन मासे घेतले, तर कोणाचं काय बिघडलं, असं नव्या माणसाला वाटतं. मासा कुठून येतो ते आधी समजून घ्या. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणजे तलावातला प्रत्येक कटला कोणीतरी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडलेला असतो. हे काम गावची मच्छीमार सहकारी संस्था करते. संस्थेने तलाव ठेक्याने घेतलेला असतो, ठेक्याची रक्कम भरलेली असते, बीज आणलेलं असतं, रात्री राखण केलेली असते. सभासद बहुतेक ढिवर समाजाचे. त्यांच्याकडे जमीन फारशी नसते. आमचं जसं धान, तसं त्यांचं हे पाणी. विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतून लोंब्या तोडणं.

म्हणून पहिल्या महिन्यातच संस्थेच्या अध्यक्षांकडे किंवा सचिवांकडे जा. घरी जा, फोनवर उरकू नका. मी काय विचारलं ते सांगतो: ठेका कधीपर्यंत आहे, गळाने धरायला परवानगी देता का, त्याचे पैसे किती, कोणत्या महिन्यांत नको, कोणत्या बाजूला नको. आमच्या संस्थेने वर्षाची एक रक्कम ठरवली आणि पाळीच्या एका कोपऱ्यात बसायला सांगितलं. पावती घेतली. माझ्यासोबत येणारा पाहुणाही त्याच पावतीत येतो का, ते विचारायला मात्र विसरलो होतो आणि एकदा राखणदाराने, योग्यच केलं, पाहुण्याला उठवलं. तुम्ही ते आधीच विचारून घ्या.

गडचिरोलीत आणखी एक दार ठोठवावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्कही मान्य केला आहे. ज्या गावाला तो मिळाला आहे तिथे शब्द ग्रामसभेचा. ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही. नवेगावबांध-नागझिऱ्याच्या आसपास असाल तर हद्द कुठून सुरू होते ते वनरक्षकाला विचारा.

कोणता मासा, कधी आणि कसा

परवानगी हातात आली की मग मजा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा आमचा खरा हंगाम. पाणी निवळलेलं, हवा थंड, मासा भरलेला.

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस (बाहेरून आणलेला कार्प मासा) तळाशी. तेव्हा गळ एकाच खोलीवर सोडून "मासे नाहीत" म्हणू नका. रोहूला कणकेत थोडी भाजलेली ढेप किंवा भाताचा कोंडा मळून लावा, गोळी हरभऱ्याएवढी. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर कोंडा टाकून ठेवला तर सकाळी मासा तिथे फिरत असतो. मृगळाला गांडूळ तळाशी टेकवा. वाम दगडांच्या कपारीजवळ आणि तुडुमाच्या तोंडाशी मिळते, तिलाही गांडूळच. वाघूर रात्रीचा. त्याच्या काट्याला हात लावताना फडकं वापरा, ठणका दिवसभर राहतो.

मरळ हा आमच्याकडचा मानाचा मासा. तो शिकारी असतो, पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो, पहाटे आणि सूर्य कलताना हलतो. बेडकासारखं हलणारं काही त्याच्या समोरून ओढलं तर झडप घालतो. पावसाळ्यात कधी पाण्यावर लालसर पिल्लांचा दाट थवा उकळल्यासारखा दिसला, तर त्याच्या खाली मरळीची जोडी राखणीला असते. त्या वेळी गळ टाकला तर ती चिडून सहज लागते. तेव्हाच टाकू नका. जोडी गेली की दुसरे मासे तासाभरात तो थवा संपवतात. जून ते ऑगस्ट मी गळ आढ्याला बांधून ठेवतो. चढणीचे मासे ओढ्यांतून बांध्यांत चढतात तेव्हा गावात उत्साह असतो, लहानपणी मीही टोपली लावली आहे. पण अंड्यांनी भरलेली मासोळी उचलणं आता हाताला नको वाटतं.

करंट लावणं, स्फोट करणं, विष कालवणं हे तर गुन्हेच आहेत. स्फोट आणि विषाविरुद्ध १८९७ पासून कायदा आहे. असं कोणी करताना दिसलं तर संस्थेला लगेच कळवा. नायलॉनचा तुटलेला दोरा गोळा करून घरी आणा, हिवाळ्यात येणाऱ्या पाखरांचे पाय त्यात अडकतात. जाळ्यात किंवा गळाला कासव लागलं तर ते सोडायचं, कायद्याने ते संरक्षित आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात धानाच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं तर मागे फिरा आणि वनखात्याला सांगा. महाराष्ट्रात सारस उरलेत ते या कोपऱ्यातच, तेही मोजके.

तलावात काय सोडू नये, काय काढावं

स्वतःच्या बोडीत मासे पाळायचे असतील तर कटला, रोहू, मृगळ ४:३:३ या प्रमाणात घ्या, बोटुकली चार इंचांची आणा, त्याहून लहान असली तर मरळ खाते. आधी चुना टाका, मग शेणखत, पाणी हिरवट झालं की बीज. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात हवा कमी पडली आहे असं समजा, खत थांबवा आणि पंपाने पाणी फवारा. आफ्रिकन मांगूर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्यावर देशात बंदी आहे. बोडी भरून वाहिली की तो मामा तलावात जातो आणि तिथली देशी मासोळी खाऊन टाकतो.

काढायचं काय, तर बेशरम. काठ धरून पसरणारी ही झुडपं तोडून भागत नाही, कांडीचा तुकडा चिखलात पडला की पुन्हा रुजतो. मुळासकट उपटा, पाण्यापासून दूर वाळवा, मग जाळा. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर बायांनी तलावात उतरून बेशरम काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासे परत आले. संस्थेने असा दिवस ठरवला तर तुम्ही पहिल्या रांगेत उतरा. देवधान (पाण्यातलं रानधान), कमळ, पाण्याखालचं गवत मात्र "घाण" समजून साफ करू नका, मासे तिथेच वाढतात. घराचं सांडपाणी तलावाकडे वळवू नका. शोषखड्डा पाळीच्या आणि विहिरीच्या विरुद्ध बाजूला घ्या.

राहायला गेल्यावर

पिण्याचं पाणी आधी तपासून घ्या, चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. पूर्व विदर्भात हत्तीपाय आणि हिवताप दोन्ही आहेत. मच्छरदाणी सगळ्यांना, बारा महिने. आरोग्य सेवक रात्री रक्ताचा नमुना घ्यायला आला तर झोपमोड झाली म्हणून परत पाठवू नका, हत्तीपायाचे जंतू रात्रीच्याच रक्तात सापडतात. संध्याकाळी पाळीवरून चालताना बॅटरी आणि काठी हवी, साप तिथे बेडकांसाठी येतात. ब्रह्मपुरी-नागभीडकडे पहाटे एकट्याने पाण्याकाठी वाकून बसू नका, वाघाचा वावर आहे. नदीत आंघोळीला उतरणाऱ्या पाहुण्यांना रेतीघाटाजवळ जाऊ देऊ नका. रेती उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं आणि वरून काहीच दिसत नाही. वीज कडाडू लागली की गळाची लांब काठी खाली ठेवा आणि घरात जा. मोहाच्या झाडाखाली थांबू नका.

आणि मासे विकत घेण्याचा दिवस ठरवून ठेवा. आमच्याकडे संस्थेचा डोंगा आठवड्यातून दोनदा सकाळी काठाला लागतो, सातच्या आत गेलं तर जिवंत मरळ मिळते. भाव करू नका. सोबत पिशवी घेऊन जा.